सदतीस पाकिटं

अंबड वसाहतीत तिसरा मजला, एसी अठरावर,
खाली पत्र्याच्या कारखान्यात प्रेसचा ठोका:
धप्प. मग थोडं थांबून, धप्प.
रात्रपाळीला मी आणि गांगुर्डे,
आणि बारा हजार घरांचं येणंजाणं
एका तक्त्यात.

कुठून निघालं, कुठे गेलं, कोणत्या दारातून,
किती पाकिटं, किती वजन,
पहिलं कधी, शेवटचं कधी.
आत काय लिहिलंय ते तक्त्याला माहीत नसतं.
मलाही नसतं.
पंधरा सेकंद कुणी बोललं नाही
की ते बोलणं संपलं असं आम्ही धरतो.
(घरी हा नियम लावला असता
तर आईवडिलांचा संसार
दिवसातून चाळीसदा मिटला असता.)

वडील गंगापूर धरणावर होते, पाटबंधारे खात्यात.
दर तासाला विसर्ग लिहायचे, निळ्या शाईत, क्युसेकमध्ये.
म्हणायचे, पाणी मोजायचं असतं,
चव घ्यायची नसते.
त्यांच्या वह्या अजून आहेत, वाळवी लागलेल्या.
मला वही नाही.
माझा तक्ता मेमरीत राहतो, डिस्कला मी हात लावू देत नाही.
डिस्क हळू, आणि डिस्क विसरत नाही.
चौसष्ट जीबीत मावेल तेवढी रात्र ठेवायची,
नवं आलं की जुनं आपसूक गळतं.
वीज गेली, बॅटरीने दगा दिला,
तर कुणी कुणाशी बोललंच नव्हतं.

त्यात एक ओळ.
रोज दोन चाळीसच्या सुमाराला
सिडकोतल्या एका कनेक्शनवरून
लांबच्या कुठल्याशा पत्त्याकडे सदतीस पाकिटं.
उत्तरादाखल अकरा.
एवढ्याशा वजनात चेहरा मावत नाही, आवाजही नाही.
यंत्र असेल, गांगुर्डे म्हणाला असता,
पण यंत्र घड्याळाला धरून चालतं;
हे कधी एकोणचाळीसला, कधी बेचाळीसला,
चहा ठेवून आल्यासारखं.
ग्राहकाचं नाव एका कळीच्या अंतरावर होतं.
बोट तिथपर्यंत जायचं. मग मी ते बोट
दुसऱ्या कामाला लावायचे.

ऑगस्टातल्या एका बुधवारी पूर आला.
नदी शांत होती, तक्त्याला आला.
तीन लाख पत्ते, जगभरचे,
सगळे एकाच दाराशी:
पाथर्डी फाट्याजवळच्या कुठल्या क्लासचा
परीक्षेचा सर्व्हर.
गांगुर्डे ओरडला, "कमरेला लागलं!"
आम्ही मेमरी तशीच मोजतो,
गंगेवर दुतोंड्या मारुती बघून मोजतात तशी:
गुडघे, कंबर, छाती.
छातीला लागलं तेव्हा दोन छत्तीस झाले होते.

तक्ता भरला की कुणाला काढायचं
हे मीच लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी,
डबा खाता खाता:
सर्वांत लहान ते आधी.
तेव्हा हुशारीचं वाटलं होतं.

सव्वातीनला वरच्या कंपनीने वाट बुजवली, पाणी उतरलं.
गांगुर्डेने चिवड्याची पुडी फोडली.
मी दोन चाळीस शोधलं.
दोन चाळीसला फक्त मोठे होते.
ती सदतीस निघाली की नाही,
त्यांना अकरा मिळाली की नाही,
हे आता कुठेच लिहिलेलं नव्हतं.
निमसे सरांच्या अहवालात मी लिहिलं:
नुकसान नाही.

गुरुवारी नियम बदलला.
लहानांसाठी थोडी जागा राखली,
कुणी विचारलंच तर सांगायला
एक तांत्रिक कारणही तयार ठेवलं.
दोन चाळीस.
दोन बेचाळीस.
खालचा प्रेस थांबलेला, डाय बदलत असावेत.
दोन सत्तेचाळीसला ओळ उमटली.
एकोणचाळीस पाकिटं.
दोन जास्तीची.

काय बघतेस एवढं, गांगुर्डे म्हणाला.
काही नाही, म्हटलं.
विसर्ग.